पार्किंगमध्ये बसणारे मन्मथअप्पा

नाटक संपलं की दिग्दर्शक रंगपटात येतो, नटांच्या पाठी थोपटतो, भेटायला आलेल्यांना हात जोडतो. आमचे मन्मथअप्पा मात्र पडदा पडायच्या आधीच नाहीसे व्हायचे. त्यांना शोधायचं तर नाट्यगृहाच्या पार्किंगमध्ये जावं लागे. तिथे कुणाच्या तरी स्कूटरवर, डोक्यात हेल्मेट, काच खाली ओढलेली, अशा थाटात ते बसलेले असत. लातुरात हेल्मेट घालणारा माणूस मुळातच दुर्मीळ, त्यात उभ्या गाडीवर हेल्मेट घालून बसणारा तर एकच. तरी आपल्याला कोणी ओळखत नाही अशी अप्पांची ठाम समजूत होती.

"सर, माणूस आत येऊन हात मिळवतो तवा खोटं बोलतो," ते मला सांगायचे. "गाडीला किक मारताना खरं बोलतो. आपण किकपाशी थांबायचं." आता गाड्यांना बटणं आलीत हे मी एकदा लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "मग अजून लवकर जाऊन बसावं लागतंय."

मी लातूरच्या एका कॉलेजात शिकवतो आणि अप्पांच्या संस्थेत नट आहे. अप्पांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, थोरल्या भावाबरोबर. थोरले शिवराजअण्णा सकाळी कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसत ते दुपारच्या जेवणालाच उठत. अप्पा ताटं दाखवता दाखवता संवाद म्हणत. एका लग्नाच्या भांडी-खरेदीत त्यांनी नवरीच्या आईला खलनायकाच्या आवाजात पराती दाखवल्या होत्या, असं अण्णा सांगत; सांगताना हसत मात्र नसत. त्यांनी धाकट्या भावाचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. "आवाज करायला घरात भांडी कमी हायत का," एवढंच त्यांचं नाटकाविषयीचं मत.

गेल्या वर्षी अण्णांच्या गुडघ्यांनी जवाब दिला. त्यांनी अप्पांना समोर बसवून सांगितलं, की आता एक नाटक कर, शेवटचं. ते चाललं तर बघू. न्हाई चाललं तर दुकानात बस, पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. अप्पा कबूल झाले. आम्हाला हे सांगताना ते कपातला चहा नुसता हलवत होते.

शेवटचं म्हणून त्यांनी निवडलं काय, तर हेरकथेचं विडंबन. जुन्या धाटणीची हेरकथा आपण सगळ्यांनीच वाचलेली असते. मोठा बंगला, रात्रीचा खून, लांब कोटातला गुप्तहेर, आणि शेवटी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करून तो गुन्हेगाराकडे बोट दाखवतो. ती सगळी आम्ही उलटीपालटी केली होती. गुप्तहेर मीच. भिंग घेऊन मी स्वतःच्याच पावलांचे ठसे शोधत फिरायचो, कोटात अडकून पडायचो. तालमीत आम्ही एकमेकांना बघून पोट धरून हसत होतो. हा धोक्याचा इशारा असतो हे अप्पांना माहीत होतं, मला नव्हतं.

लातूरचा पहिला प्रयोग पडला. लोक हसले, पण पाहुण्यांच्या घरी पोहे थंड असले तरी चांगले झालेत म्हणतात, तसे हसले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर, पेल्यांच्या खोक्यांवर आम्ही बसलो. प्रयोगानंतरची ही बैठक म्हणजे अप्पांची खास रीत. ओळखीच्यांनी केलेलं कौतुक तिथे सांगायला बंदी होती. मोबाइलवर आलेले अंगठे तर मोजायचेच नाहीत. "त्याला काय पेट्रोल लागतंय का," असं अप्पा म्हणत. पार्किंगमध्ये ऐकलेलं तेवढं ते ज्याच्या त्याच्या आवाजात करून दाखवत.

"एक पोरगं म्हणलं, 'कोट भारी होता.' बस, एवढंच. एक रिटायर मास्तर म्हणले, 'रहस्याची टिंगल करायची तर आधी रहस्य पाहिजे ना राव.' आणि एक ताई जावेला म्हणत होती..." इथे अप्पांनी पदर सावरल्यासारखं केलं. "'मला तर सारखं वाटून राहिलं, त्या पाव्हण्याला कुणी पाणी देतंय का न्हाई. आल्यापासून उभाच हाय बिचारा.' तर जाऊ म्हणली, 'बसा बी म्हणलं न्हाई की. बंगला असला म्हणून काय झालं, रीत हाय का न्हाई.'"

मी चिडलो. माझ्या वाट्याला काय, तर कोट आणि पाणी. मी म्हणालो, "अप्पा, हेरकथेत गुप्तहेराला कोणी पाणी देत नाही. ते तसंच असतं."

"ते पुस्तकात," अप्पा म्हणाले. "हितं तिकीट काढून आलेली बाई दोन तास आपल्या जिवाला लावून घेऊन बसली, की पाव्हणा तहानलेला हाय. तिला इनोद कसा दिसावा? आपण खून बरोबर केला सर, पाहुणचारात चुकलो."

मग ते माझ्याकडे टक लावून बघू लागले. माझी सासुरवाडी अर्धापूरची. "सर, तुम्ही सासुरवाडीत गेलात की काय होतं?" मी सांगितलं. तीन घरांतून जेवायची बोलावणी येतात, उठू म्हटलं की टॉवेल-टोपी येते, निघताना केळीचा घड गाडीला बांधतात. मी काहीही मागितलं तरी नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. अप्पा खोक्यावरून उठले. "झालं. गुप्तहेर ह्या घरचा जावई निघाला पाहिजे."

महिनाभर आम्ही नाटक नव्याने बसवलं. आता गुप्तहेर दारात आला की पहिला प्रश्न तो विचारत नाही, घरची म्हातारी विचारते: "पाव्हणं कोणच्या गावचं?" दोन गावं आणि एक आडनाव सांगेपर्यंत तो तिच्या चुलतभावाचा जावई निघतो, आणि तिथून तपासाचं वाटोळं होतं. चहा घेतल्याशिवाय जबानी नाही. प्रेताजवळ जायला निघालो की मयताचा भाऊ हात धरतो: "मेलेला बी आपलाच हाय जावईबापू, कुठं जातोय तो. तुम्ही आधी जेवून घ्या."

शेवटी मी सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो आणि गरजतो, खून कोणी केला? सगळे एकमेकांकडे बघतात. जावयाने पहिल्यांदा तोंडाने काही मागितलंय, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? सासरा पुढे होऊन म्हणतो, "मीच केला समजा." मेव्हणा म्हणतो, "दादा, तुम्ही राहू द्या, मान माझा हाय." आणि खून कबूल करण्यावरून घरात भांडण लागतं.

हा नवा प्रयोग नांदेडला, एका रविवारी दुपारी ठेवला. नाटक तेच, त्यामुळे अण्णांच्या अटीतली ही शेवटचीच संधी होती; इथे पडलं की अप्पा कायमचे दुकानात. त्यातून कळलं, की अण्णा त्या दिवशी एका साखरपुड्यासाठी नांदेडलाच आलेत आणि पाहुण्यांनी त्यांना आग्रहाने नाटकाला आणलंय. पाचव्या रांगेत, कडेला, काठी मांडीवर घेऊन ते बसले होते. विंगेतून अप्पांना ते दाखवले तेव्हा अप्पा म्हणाले, "बसू द्या. प्रेक्षक हायत." पण त्यांच्या हातात हेल्मेटची पिशवी होती. बसने आलेला माणूस लातूरहून हेल्मेट घेऊन आला होता.

म्हातारीने गाव विचारलं आणि नाट्यगृह फुटलं. मला पुढचं वाक्य घेता येईना. पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "आता आधी पाणी देईल ती," आणि म्हातारीने तांब्या उचलताच टाळी पडली. मला केळीचा घड आहेर म्हणून मिळाला तेव्हा हदगाव-नायगावकडून आलेली मंडळी खुर्च्यांवरून उठून हसत होती. शेवटच्या कबुलीजबाबाच्या भांडणात तर आमचेच नट तोंड फिरवून हसले. अशी दुपार नटाला आयुष्यात एखादीच मिळते; मी ती पुरेपूर भोगली, खोटं कशाला बोलू.

तोंड कसंबसं पुसून मी पार्किंगमध्ये धावलो. अप्पा हेल्मेट घालून एका लाल स्कूटरवर बसले होते. आजूबाजूने लोक जात होते. एक बाई नवऱ्याला ऐकवत होत्या, "बघा, जावई कसा असतो. तुम्ही माझ्या माहेरी आलात की नुसतं मोबाइलवर बसून राहिले." मिशीवाले एक निवृत्त फौजदार मित्राला म्हणाले, "तपास साफ चुकीचा हाय. पण माझ्या सगळ्या नोकरीत हेच झालं ना बे. ज्याच्या दारात गेलो त्यानं चहाच पाजला." एक कॉलेजातली मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "खुनी सापडतच नाही गं, आणि कुणाला फरकच पडत नाही. तू बघच."

मग काठी टेकत अण्णा आले, सोबत त्यांचे पाहुणे. ते अगदी आमच्या समोर थांबले. पाहुण्यांनी विचारलं, "कसं वाटलं अण्णा?"

"खून कोण केला ते काय कळलं न्हाई," अण्णा म्हणाले. अप्पांनी खाली असलेली काच आणखी खाली ओढली. "पण जावयाचा मान बराबर ठेवला. लई दिवसानं एवढं हसलो. गुडघ्याची याद बी राहिली न्हाई."

शेजारी गाडी काढत असलेल्या एका अनोळखी माणसाने विचारलं, "कोण बसवलंय हो हे?"

"माझा धाकटा भाऊ हाय," अण्णा म्हणाले. "मन्मथ. लातूरला दुकान हाय आमचं, पण ते मी बघतो. एक माणूस ठेवून घेईन हाताखाली. त्यानं हेच करावं."

आणि ते त्या अनोळखी माणसाला नाटकाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले. म्हातारी कशी गाव विचारते, सासरा कसा पुढे होतो, हाताने करून. मी अप्पांना कोपराने ढोसलं. "अप्पा, काढा ते हेल्मेट. जा ना पुढे."

काचेमागून भिजलेला आवाज आला. "थांबा सर. प्रेक्षक बोलून राहिला. त्याला मधी तोडू नये."