मंगळावरची आटलेली नदी

मंडळी, आज माझ्या हातून एक चूक झाली. तुम्हांला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी तंजावुरात सातवीला विज्ञान शिकवते. सकाळी ग्रहांचा धडा चालू होता. कावेरीकाठच्या तिरुवैयारुहून येणारी सेल्वी उभी राहून म्हणाली, "टीचर, मंगळावर पूर्वी नद्या होत्या. उन्हाळ्यात आमची कावेरी आटते ना, तशाच दिसतात त्या."

मी म्हटलं, "मग सुट्टीत तिथंच पोहायला जा."

सगळा वर्ग हसला. सेल्वी खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

शाळा सुटल्यावर मी इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन मंगळाचे फोटो उघडले. पाण्यानं कोरलेली, फाटे फुटलेली कोरडी पात्रं होती. ध्रुवावर बर्फसुद्धा होता.

तशीच बस पकडून तिच्या घरी गेले. म्हटलं, "सेल्वी, तुझं बरोबर होतं. मी चुकले."

ती हळूच म्हणाली, "पण टीचर, सगळे वर्गात हसले. तुम्ही घरी येऊन सांगताय."

उद्या पहिला तास तिच्याच वर्गावर आहे. भरल्या वर्गासमोर तुमच्यापैकी कुणी 'मी चुकले' म्हटलंय का? सुरुवात कशी केलीत?