कळ नाही, ओळ जाते

धरणात बुडणाऱ्या गावांची यादी आम्ही नागपूरच्या एका कॉलेजातल्या युनिक्स मशीनवर स्वतः चढवली होती. प्रत्येक गावाची एक फाइल, तीत घरटी नावं. दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात सुनावणी. ज्याचं नाव छापील यादीत नाही त्याचं म्हणणं ऐकणार नाही, असं सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं. धरणाविरुद्धच्या माझ्या पत्रकात मी त्याला मुस्कटदाबी म्हटलं होतं. आजही म्हणते.

चंद्रपुरातल्या एका कचेरीत मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर मोठा संगणक, होता आणि त्यावरून नागपूरच्या मशीनला फोनची तार लागायची. तिथल्या ऑपरेटरभाऊंनी जेवणाच्या सुट्टीत तासभर बसू दिलं. मागच्या बाकावर भामरागडकडचे एक म्हातारे बाबा, छापलेला कागद न्यायला आलेले.

सुरुवातीलाच माझा पासवर्ड पडद्यावर ढळढळीत उमटला. नागपुरात तो कधी दिसत नसे. मी भाऊंवर भडकले. ते म्हणाले, इथलं टर्मिनल असंच आहे, जे लिहिता ते दाखवतं. पुढचं ते सांगणार होते, पण मी ऐकून घेतलं नाही.

छापण्याआधी अर्धवट भरलेल्या कच्च्या फाइली पुसायला मी छोटा प्रोग्राम लिहिला. तो एकेका गावाची घरं मोजणार आणि फाइल कच्ची असेल तर पुसणार. घाईत अट उलटी पडली. पक्की गावं पुसली जाऊ लागली, एकेक नाव पडद्यावर येत. मी कंट्रोल आणि सी दाबलं. पुन्हा दाबलं. नागपुरात एवढ्यानं सगळं थांबायचं. इथं पुढचं गाव आलं. मग पडदा भरला आणि स्थिर झाला. मी श्वास सोडला.

"पडदा थांबला, काम नाई थांबलं," भाऊ म्हणाले. "इथी दाबलेली एकेक कळ तारेवरून नाई जात, बाई. ओळ जाते. सरका."

त्यांनी पडदा मोकळा केला, कंट्रोलसाठी टोपीसारखी खूण आणि पुढं सी लिहिलं, एंटर मारून अख्खी ओळ नागपूरला धाडली. तेव्हा कुठं ते थांबलं. पाच गावं गेली होती. चार गावांचे मूळ कागद माझ्या झोळीत होते. पाचवं बाबांचं, त्याचा कागद नव्हता.

बाबांनी विचारलं, "काय झालं?"

सरकारनं पुसलं, साहेबांनी पुसलं, ही वाक्यं मला पाठ होती.

"तुमचं गाव पुसलं. मी पुसलं."

बाबा बाक पुढं ओढून माझ्याशेजारी बसले आणि नदीकडच्या पहिल्या घरापासून नावं सांगू लागले. सुट्टी संपली, बाहेर माणसं जमली. भाऊंनी दाराला आतून कडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तरी ओळ वाचून एंटर मारा."

मी लिहीत, वाचत गेले. एक घर, एक ओळ. शेवटी बाबा थांबले. झालं का, मी विचारलं.

"माझं राह्यलं," ते म्हणाले.