लोरेटानं पेरलेली पितळं

व्हर्जिनियातल्या लोरेटानं पाच वर्षं ऑटिली म्हातारीची मनधरणी केली, तेव्हा कुठं तिच्या शेतात जुन्या लढाईतल्या सैनिकांची पितळी बटणं शोधायला मिळाली. धातू हुडकणारं यंत्र घेऊन हिंडायचं, वाजलं की खणायचं, अन् खड्डा बुजवूनच पुढं सरकायचं, ही असं शोधणाऱ्यांची रीतच. तर तिच्यासारखाच बटणं शोधत हिंडणाऱ्या त्या ड्युई मेल्यानं ऑटिलीचे कान भरले, "लोरेटा खड्डे उघडे टाकते, तुमचं वासरू त्यातच लंगडलं." झालं! लोरेटाला शेत बंद अन् ड्युईला मोकळं.

लोरेटा रडत बसली नाही. उडवलेल्या काडतुसांची पितळी बुडं तिनं दोन बादल्या जमवली. यंत्रावर अगदी बटणासारखीच वाजतात मेली! नांगरट झाली तशी कुंपणाबाहेरून मूठमूठ शेतात भिरकावली. वरून कुळव फिरला अन् सगळी मातीआड गेली.

ड्युई खणून खणून घामाघूम. बटण एक नाही, नुसती पितळं! असला चिडला की खड्डे बुजवायचंच सोडलं त्यानं. तिसऱ्या दिवशी ऑटिली गाय हुडकत आली अन् म्हातारीचाच पाय खड्ड्यात गेला.

लंगडत लंगडत ती लोरेटाच्या दारात. "चुकले गं बाई. ये परत."

"येईन की, ऑटिलीबाई. आधी त्याच्याकडून सगळे खड्डे बुजवून घ्या. हातानं."

लोरेटा कुंपणाशी खुर्ची टाकून मक्याची भाकरी खात बसली.

"ड्युईदादा, तो कोपऱ्यातला राहिला बघ! अरे, नीट दाब की. मला कुठं घाई आहे?"