माधवीचा चुकलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माधवीला तर नाहीच — आणि ती माझी बायको आहे.

खारघरमध्ये आमचं छान चाललंय. दोघंही सरकारी डॉक्टर, लेक कॉलेजात, सुट्टीच्या दिवशी माधवीच्या हातची बिर्याणी. मग आताच हे कशाला उकरायचं? खरंच माहीत नाही.

आमची ओळख एका मॉक ड्रिलमध्ये झाली. कुणी मुद्दाम रोगजंतू पसरवले, तर महापालिकेने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने मिळून काय करायचं, त्याची तालीम. तळोज्यातल्या एका कारखान्यातले बरेच कामगार एकदम तापाने पडलेत, असं धरून चालायचं होतं. मी महापालिकेत नवा. माझं काम एकच — संशय आला की लगेच राज्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करायचा. तिथे फोनवर माधवी होती.

मला वाटलं, आधी आपल्या लॅबकडून खात्री करून घेऊ. उगाच घाई केली तर वरचे हसतील. की मोठ्या ऑफिसात बोलायचीच भीती वाटली? भीतीच होती. त्यात दुपार उलटली. राज्याची पथकं निघालीच नाहीत, तालीम फसली.

आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, वर का कळवलं नाही? सगळे माझ्याकडे बघत होते, समोर बसलेली माधवीही.

"लावला होता सर," मी म्हणालो. "तिकडून कुणी उचलला नाही."

मी फोन लावलाच नव्हता.

मला वाटलं, ती भांडेल. पण बैठक संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सॉरी डॉक्टर, मी चहा घ्यायला उठले होते. तेव्हाच वाजला असेल."

तिला लेखी ताकीद मिळाली. आणि मी? मी तिची समजूत काढली — होतं असं, मनाला लावून घेऊ नका. त्यातूनच बोलणं वाढलं, पुढे लग्न झालं.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात माधवी बोलायला उभी राहिली. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

"एक तालीम माझ्यामुळे फसली," तिने जराही न लाजता सांगितलं. "चहाला उठले आणि फोन चुकला. तुम्ही उठाल तेव्हा खुर्चीत दुसऱ्याला बसवून उठा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली — समाधानाने.

मीही टाळ्या वाजवल्या.