ताटलीकाका

"रिकामं आहे" असं कोणी सांगितलं, की ताटलीकाका ते कधीच मान्य करायचे नाहीत. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी म्हणालं, "काका, चहाचा थर्मास रिकामा आहे," की ते झाकण उघडून आत डोकावणार. पिकनिकहून निघताना डिकीत काही राहिलं नाही असं कोणी सांगितलं, तर "दाखव" म्हणून हे गाडीच्या मागे उभे. नव्या माणसाला याचा राग यायचा. मलाही आला होता. पण त्यांच्या शेतावर एक रविवार काढला की कळायचं, ही सवय बंदुकीने लावलेली आहे.

काका मूळचे नागपूरचे. कॉलेजात एनसीसीत नेमबाजी शिकले, इंजिनियर होऊन सत्तरच्या सुमाराला अमेरिकेत आले, आणि रिटायर होताच हर्नडन गावातलं घर विकून पश्चिमेला तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी पाच एकर जागा घेऊन राहिले. घरामागे मातीचा उंच बांध घातलेला, बांधापुढे लाकडी चौकट, आणि चौकटीवर टाचण्यांनी लावलेल्या कागदी ताटल्या. या ताटल्या आमच्या मंडळाच्या. गणपती झाले, पाडवा झाला, की फोडलेल्या पाकिटांत उरलेल्या ताटल्या काका मागून न्यायचे, मधोमध काळ्या मार्करने रुपयाएवढा ठिपका काढायचे आणि पन्नास पावलांवरून नेम धरायचे. कोणी चेष्टेने जेवलेली ताटली पुढे केली तर म्हणायचे, "नको रे बाबा, वरण लागलेल्या ताटलीवर माझ्याआधी मुंग्या नेम धरतात." ताटलीकाका हे नाव कोणी पाडलं माहीत नाही, पण त्यांना ते मनापासून आवडायचं.

ताटलीखेरीज त्यांनी कशावर गोळी झाडली नाही. त्या भागात शिकार करणारे पुष्कळ. हरणं तर काकांच्या परसात येऊन काकूंची मेथी खाऊन जायची. शेजारचा गोरा म्हातारा एकदा कुंपणावरून म्हणाला, की एक गोळी घाल, हिवाळाभर मांस पुरेल. काकांनी त्याला इंग्रजीत सांगितलं ते असं, की जेवायला आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे जेवणात वाढत नाहीत. म्हातारा इतका हसला की पुढे दर रविवारी तोही ताटल्यांवर नेम धरायला यायला लागला. जाताना काकूंचा चिवडा घेऊन जायचा.

शेतावर कायदा एकच. नेमबाजी संपली की बंदुकीची नळी बांधाकडे ठेवून बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या जागेवरची कडी, मागे ओढायचा, आत बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामी." मग दुसऱ्या माणसाने "दाखव" म्हणायचंच. वयाचा मान नाही, पाहुण्याची भीड नाही. स्वयंपाकघराच्या दारातून काकूसुद्धा "दाखवा बघू" असं ओरडायच्या आणि काका शहाण्या मुलासारखे बंदूक उघडून उभे राहायचे. मी एकदा कंटाळून म्हणालो, "काका, आत्ताच तर तुम्ही पाहिलं ना." ते म्हणाले, "मी पाहिलं, तू नाही पाहिलं. 'माझ्या मशीनवर चालतं' हे तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफिसात सांगत जा."

दोन हजार तीनच्या वसंतात मला या कायद्याची खरी ओळख झाली. पुण्यात बाबांची बायपास झाली, म्हणून अनघाला आठवा महिना असतानाही मी धावत गेलो. परतीचं तिकीट मिळालं ते सिंगापूरवरून, तेही एका मुक्कामाचं. सार्सच्या साथीचा गवगवा नुकताच सुरू झाला होता. ऑफिसने दहा दिवस येऊ नका म्हणून कळवलं, त्याचं काही वाटलं नाही. पण अनघाच्या डॉक्टरणीकडूनही निरोप आला, की नवऱ्याने दहा दिवस घरात पाऊल टाकायचं नाही. ज्या मित्रांनी महिन्यापूर्वी डोहाळजेवणात माझी टिंगल केली होती, त्यांना मी विमानतळावरून एकेक करून फोन केले. "यार, घरात लहान मुलं आहेत ना," हेच प्रत्येकाने वेगवेगळ्या आवाजात सांगितलं. त्यांचं चुकलं असं आज वाटत नाही. त्या दिवशी मात्र फार लागलं होतं. मी सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगेवर बसून होतो, तेवढ्यात काकांचाच फोन आला. "कुठे बसून राहिला? तू इकडे ये. काकू अनघाकडे निघाली आहे. पोरीजवळ बाईमाणूस पाहिजेच."

मी भाड्याची गाडी घेऊन पोचलो तेव्हा काका फाटकाच्या आत उभे होते. गॅरेजवरची खोली माझी, तिला वेगळा जिना. जेवण मागच्या उघड्या लाकडी डेकवर, लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेला हा माणूस काकूंना माझ्या बायकोकडे पाठवून रोज स्वतः पिठलं करत होता, आणि ते रोज करपत होतं. "करपलेलं पचायला हलकं असते," असं म्हणून तेच मला आग्रहाने वाढायचा. सकाळ-संध्याकाळ मी ताप बघून थर्मामीटर टेबलावर ठेवायचा आणि मागे सरायचं. मग काका पुढे येऊन चष्म्यातून पारा बघणार आणि एका ताटलीवर आकडा लिहून ठेवणार. मी नुसता आकडा सांगून भागायचं नाही.

दुपारी नेमबाजी. पण मला खरी बंदूक नाही. "तुझ्या व्हिसावर हातात धरायचा कायदा नाही म्हणतात. छऱ्याची चालते," म्हणून त्यांनी एअर रायफल काढून दिली. त्यांच्या बंदुकीला मी बोटही लावायचं नाही. दहा पावलांवर उभं राहून ते सांगायचे, "श्वास सोड. सगळा नको सोडू, थोडा ठेव. आता दाब." बाबांची काळजी, अनघाची काळजी, घशात जरा खवखवलं तरी उडणारी गाळण, हे सगळं तेवढा वेळ बाजूला राहायचं. रविवारी शेजारचा म्हातारा आत आला नाही, पण कुंपणाच्या खांबावर बायकोने केलेला मक्याचा पाव ठेवून गेला आणि लांबून टोपी हलवली. शहरात माझ्या नावाने दारं लागली होती. इथे माणसं अशीही एकमेकांपासून लांबच राहत होती, त्यामुळे फार काही बदललंय असं वाटलंच नाही.

नवव्या दिवशी सकाळी साडेआठला काकूंचा फोन आला. अनघाला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या, हॉस्पिटलात नेलं होतं. मी तिथल्या नर्सशी बोललो. ती म्हणाली, नऊ दिवसांत एकदाही ताप आला नसेल तर मास्क लावून ये, दारात तपासून सोडू. ताप असेल तर मात्र नाही. मी वर जाऊन थर्मामीटर तोंडात धरला. पारा शंभराच्या वर एक रेघ गेला होता. आदल्या संध्याकाळपर्यंत मी ठणठणीत होतो. आठ महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस एका रेघेने हिरावून घेतला होता. मी थर्मामीटर झटकला, खाली आलो आणि म्हणालो, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. निघतो काका." एवढ्या गडबडीत ते विसरतील असं मला वाटलं होतं.

"दाखव," काका म्हणाले.

मी थर्मामीटर टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. झटकलेला पारा पार तळाला जाऊन बसतो हे मला त्या घाईत सुचलंच नव्हतं. "हा तर पंच्याण्णवच्याही खाली," ते शांतपणे म्हणाले. "इतक्यात तर माणूस आटोपतो. पुन्हा लाव." आणि समोर घड्याळ धरून दोन मिनिटं बसले. शंभर पॉइंट दोन.

मी ओरडलो. इतक्या मोठ्या माणसावर मी त्याआधी आवाज चढवला नव्हता, नंतरही नाही. "एका रेघेने काय होतंय? साधी सर्दी आहे. मला काही झालेलं नाही, मला माहीत आहे ना!"

"मलाही नेहमी माहीत असते की रिकामी आहे," काका म्हणाले. "तरी उघडून पाहतो." मग माझ्या गाडीची चावी आतून आणून त्यांनी टेबलावर ठेवली. "मी तुला अडवून नाही राहिलो. जायचं तर जा. पण तिथे आपली अनघा एकटी नाही, अख्खा बाळंतिणींचा वॉर्ड आहे."

मी चावीला हात लावला नाही. शेवटी फोन उचलला आणि नर्सला सांगितलं, की ताप आहे, येत नाही. फोन ठेवल्यावर मी लहान मुलासारखा रडलो. काका उठून गॅरेजमध्ये गेले, रंगकामाचा मास्क तोंडाला बांधून आले आणि टेबलाच्या त्या टोकाची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली. मी म्हणालो, "काका, लांब बसा." ते म्हणाले, "बरा होता तोवर लांबच बसलो ना." दिवसभर ते तिथून हलले नाहीत. मेतकूट-भात केला, तोही करपवला.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. काका ऐकत होते आणि हाताने कागद शोधत होते. हाताशी होती ती तापाचीच ताटली. ती उलटी करून त्यांनी मार्करने भराभर काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "मुलगी. सहा पौंड अकरा औंस. दोघी चांगल्या." मास्कच्या वर त्यांचे डोळे भरले होते.

ताप साधाच निघाला, दोन दिवसांत उतरला. सईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सहा दिवसांची होती. अनघाने एका शब्दाने तक्रार केली नाही. उलट नर्सने तिला सांगितलं होतं, की तुझ्या नवऱ्याने स्वतः फोन करून ताप असल्याचं कळवलं. याचं तिला कोण कौतुक! पुढे पाच वर्षं, सईचा प्रत्येक वाढदिवस, मंडळाची प्रत्येक पंगत, कोणी नवीन भेटलं की ती सांगायची, "दुसरा कोणी असता तर लपवून आला असता. हा नाही." काका तिथेच चिवडा खात बसलेले असायचे. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी हसून विषय बदलायचो, आणि त्या हसण्याची मला घरी येईपर्यंत लाज वाटत राहायची.

सई चार वर्षांची असताना एका रविवारी काकांनी बंदूक बांधाकडे धरून बोल्ट न ओढताच "रिकामी" म्हटलं. मी नेहमीप्रमाणे "दाखवा" म्हणालो. त्यांनी बोल्ट ओढला आणि एक काडतूस गवतात पडलं. सई आत काकूंपाशी खेळत होती. नळी बांधाकडेच होती, कोणाला धोका नव्हता, पण काकांचा चेहरा उतरला. त्यांनी काडतूस उचलून खिशात घातलं. "तू मागितलं म्हणून," एवढंच म्हणाले.

मी अर्थातच कोणाला सांगणार नव्हतो. मला वाटलं, निदान एवढी तरी परतफेड होईल. पण पुढच्या आठवड्यात मंडळाच्या पिकनिकला जेवणं झाल्यावर काका चाळीस माणसांसमोर उभे राहिले आणि खिशातून ते काडतूस काढून म्हणाले, "मी रिकामी म्हणालो आणि हे आत होतं. माझा भरवसा आता मलाच नाही. तुमची पोरं माझ्याकडे येतात, म्हणून सांगून राहिलो." बंदुका त्यांनी त्या रविवारीच शेजारच्या म्हाताऱ्याकडे देऊन टाकल्या होत्या. पन्नास वर्षांचा शौक, आणि तो सोडल्याचं सांगताना आवाजही हलला नाही. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. चाळीस जणांत मान खाली घालून बसलेला मी एकटाच होतो.

दोन हजार आठमध्ये काका-काकूंनी शेत विकलं आणि ते मुलीकडे, लांब ट्रॉय नावाच्या गावी राहायला गेले. निघण्याआधी त्यांनी बुटांची जुनी खोकी उघडली. शेतावर आलेल्या प्रत्येकाची पहिली ताटली त्यांनी नाव घालून जपली होती, ती ज्याची त्याला देत होते. मला भोकं पडलेली नाही, दुसरीच ताटली दिली. एका बाजूला "मुलगी. सहा पौंड अकरा औंस." दुसऱ्या बाजूला त्यांच्या तिरप्या अक्षरात माझ्या तापाचे आकडे. मी आधी नववी सकाळ शोधली. तिथे एकच आकडा होता, शंभर पॉइंट दोन. मी सांगितलेला आकडा त्यांनी लिहिलाच नव्हता.

"काका..." मी म्हणालो.

"तुझी आहे, घेऊन जा," ते म्हणाले. "पोरीला दाखव."

घरी आल्यावर ताटली अनघाच्या हातात दिली. ती हरखून गेली. सईला जवळ ओढून तिचं वजन वाचून दाखवलं, मग उलटून आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "बघ, काकांनी किती नीट लिहून ठेवलंय." ताटलीवर माझ्याविरुद्ध काहीच नव्हतं. गप्प बसलो असतो तर जन्मभर निभावलं असतं.

"अनघा," मी म्हणालो, "यात एक आकडा लिहिलेला नाही."

तिने वर पाहिलं. सईने विचारलं, "व्हॉट नंबर, बाबा?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि दोघींना त्या सकाळचं सगळं सांगायला लागलो.