हिरव्या पानाचे ड्रम

लातूरच्या एमआयडीसीत कीटकनाशकं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सामाजिक जबाबदारीच्या खात्यात नोकरी करते. हे खातं नातेवाइकांना समजावता समजावता माझी दमछाक होते. "म्हंजे कंपनी फुकट वाटते आन् तू वाटायला उभी राहतीस," असं काकांनी एकदा त्याचं सार काढलं होतं. मी चिडले.

मागच्या उन्हाळ्यात भोकर तालुक्यातल्या आमच्या गावाला कंपनीनं पाणी साठवायला निळे ड्रम दिले. नवे कोरे, रुंद तोंडाचे, कडी लावून बंद होणाऱ्या झाकणाचे, आणि पोटावर कंपनीची खूण, हिरवं पान. नारळ फुटला, भाषणं झाली. आमच्या घराची मान गावात वर झाली, माझी जरा जास्तच. म्हणून चुलत बहिणीच्या लग्नाला निघाले तेव्हा साहेबांनी बजावलं, "लग्नघरी आपल्या ड्रमांचे फोटो काढा, अहवालाला लागतील. शेजारी नवरी उभी असली तर फारच छान." मनात चार शिव्या हासडल्या आणि तोंडानं हो म्हटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात हळद लागली. बहिणीला नखशिखांत पिवळी करून पाटावर बसवलं. पाटाच्या चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवून बायकांनी त्यांच्याभोवती सूत गुंडाळलं. आमच्याकडे न्हाणं होईस्तोवर नवरीनं त्या सुताबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि सूत तुटू द्यायचं नाही. तुटलं तर संसारावर येतं म्हणतात. वऱ्हाड पारावर येऊन बसलं होतं, मुहूर्त जवळ आला होता, आणि काकू सगळ्यांवर खेकसत होती.

तेवढ्यात फोटो उरकून घ्यावेत म्हणून मी घरामागं गेले. भिंतीला लागून निळ्या ड्रमांची रांग होती. मोबाईल समोर धरला आणि थबकले. अलीकडचे ड्रम आमचे होते. पण टोकाच्या दोघांची तोंडं करवतीनं कापलेली होती, कडा दातेरी. आम्ही वाटलेल्या ड्रमांना कापायचं कारणच नव्हतं. कापावे लागतात ते वर फक्त दोन बुचं असलेले बंद ड्रम, आणि त्यांत कारखाना कीटकनाशक भरतो. पोटावर मात्र तेच पान, तेवढंच हिरवं. वाकून पाहिलं तर पाणी तळाला गेलेलं. नाकात वास शिरला. कारखान्याच्या मागच्या गेटला येतो तोच, नासक्या लसणासारखा. 

काका तिथंच चुलीत लाकडं सारत होते. मी विचारलं, "हे दोन कुठून आणले?"

"भोकरच्या भंगारवाल्याकडून. लग्नाला पाणी कमी पडलं असतं न्हवं. त्याच्याकडं लई परकारचे व्हते, पण म्या तुझ्या कंपनीचं पान बघूनच घेतलो. दोनदा धुतलो बी."

"ह्यातलं पाणी कुठंय?"

"घंगाळात. न्हाणाला तापवून आत्ताच नेलं की."

मी धावले. काकूनं पहिला तांब्या भरून उचलला होता. त्या कीटकनाशकाला पोटात जायची गरज नसते, ते कातडीतूनही अंगात भिनतं. त्यात पाणी ऊन, आणि पोरीचं अंग हळदीनं नुकतंच चोळलेलं. मी ओरडले, "थांबा, ओतू नका!" बायका खो खो हसल्या. हळदीत चेष्टामस्करी चालतेच. एकीनं तर माझ्याच गालाला हळद फासली. काकूचा हात बहिणीच्या डोक्यावर गेला.

मी सुतात पाय घातला. सूत तटकन तुटलं, दोन तांबे कलंडले. काकूचा हात धरून मी तांब्या हिसकावला आणि घंगाळ लाथेनं उलथं केलं.

हसू जागच्या जागी थांबलं. मग काकूनं माझ्या थोबाडीत मारली. "सूत तोडलीस! माझ्या लेकीचं वाईट चिंतून राहिलीस व्हय गं?"

"त्या ड्रमात विष होतं काकू."

"कंपनीचाच हाय न्हवं त्यो?" मागून आलेले काका म्हणाले. "पान हाय त्याच्यावर."

"हाव काका, आमच्याच कंपनीचा हाय."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. बहीण पाटावर अंग आखडून बसली होती, हळद सुकून तडकू लागली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "अक्का, मला लागलं न्हाई ना काही?" मी तिचे केस, मान, हात, सगळं हुंगून पाहिलं. हळद आणि तेल, दुसरा वास नव्हता.

बायका नव्यानं सूत गुंडाळायला लागल्या. मी बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला. रिकामा ड्रम भोकं पाडल्याशिवाय गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे, मग हे बाजारात आलेच कसे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुणाला काही झालं नाही ना? मग वाढवू नका. भंगार आपल्या खात्याकडे येत नाही. आपलं खातं पाणी देतं." मी फोन कापला. 

परत आले तर सूत गुंडाळून झालं होतं, पण पाण्याला कुणी हात लावत नव्हतं. उरलेल्या ड्रमांसमोर बायका नुसत्या उभ्या होत्या. पारावरून दुसऱ्यांदा निरोप आला, नवरी कुठवर आली म्हणून.

"हे चांगले आहेत," मी म्हणाले. "हे मी स्वतः वाटलेत."

 काकूनं एका ड्रमाची कडी काढली, तांब्या बुडवला आणि माझ्यापुढं धरला.

"आधी तू पी."

ड्रम नवा होता, पाणी टँकरचं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तांब्या ओठाला लावताना मला भीती वाटली. काकू माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी तांब्या रिकामा केला. ती तशीच बघत राहिली, बराच वेळ. मग कुठं तिनं लेकीच्या अंगावर पाणी घातलं.