लाडोबाचा पुढचा डावा पाय

शर्यतीच्या कार्डावर त्याचं नाव होतं विश्वविजेता. एकही मोठी शर्यत पळायच्या आधीच मालकांनी ठेवलेलं. पोर रांगायला लागायच्या आत दारावर डॉक्टरची पाटी लावावी, तशातला प्रकार. तबेल्यात मात्र सगळे त्याला लाडोबा म्हणत, कारण तो होताच तसा. पाणी कोमट लागायचं, गवत झटकून लागायचं, आणि अंगावर खरारा चालू असताना मोतद्दारानं दुसऱ्या कुणाशी बोललेलं त्याला खपत नसे. ही सगळी थेरं कौतुकानं पुरवणारा तो मोतद्दार म्हणजे मामा. सत्तावीस वर्षं त्याच तबेल्यात घोड्यांची उस्तवार केलेला आणि ट्रेनरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचा मामा झालेला. खोगिरांच्या कोठीवर एक खोली होती, तिथं तो आणि त्याची बायको राहत. मामी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. "मला सवत आहे, आणि तिला चार पाय आहेत," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

एक घोडा पळतो म्हटल्यावर त्याच्यामागं माणसं किती लागावीत? पळताना तो एकटाच असतो, पण जिंकायच्या गप्पा मारायला पलटण लागते. मालकांचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. घोडा आपलाच, पण त्याच्यापासून दहा पावलं लांब उभं राहूनच ते त्याच्यावर प्रेम करत, आणि साखरेचा खडा द्यायचा झाला तर तो मामाच्या हातून देत. आहारतज्ज्ञ होते, त्यांनी घोड्याला न बघताच तक्ता पाठवला होता. घोड्याचं मन वाचणाऱ्या एक बाईसुद्धा होत्या. आठवड्यातून एकदा येऊन लाडोबासमोर डोळे मिटून बसत आणि मग सांगत, "त्याला निळा रंग हवाय." लगेच कारखान्यातून सहा निळ्या बादल्या आल्या. मामा तेवढा म्हणाला, "बाईंना विचारा, खरारा जरा मऊ हवाय का, ते बोलला का तो?" पण हे तो लाडोबालाच म्हणाला, बाईंना नव्हे.

या सगळ्यांच्या वर ट्रेनरसाहेब. साहेबांचं घोड्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत होतं: घमेलं रिकामं, तर घोडा ठणठणीत. सकाळी सात वाजता वही घेऊन ते ओळीनं निघत. घोड्याकडं बघत नसत, दाण्याच्या घमेल्यात बघत. रिकामं असलं की वहीत बरोबरची खूण. तळाशी ओंजळभर ओट जरी उरले, तरी मोतद्दाराला तासभर व्याख्यान. तो किती निष्काळजी, त्याचा बाप किती निष्काळजी असणार, आणि अशा माणसांमुळंच जग कसं मागं पडलं. आता घोडा हे जनावर आहे. एखाद्या दिवशी त्यालाही जेवावंसं वाटत नाही. पण रोजरोज बाप कोण काढून घेणार? तेव्हा मोतद्दारांनी कधीच तोडगा काढला होता. उरलेला दाणा साहेब यायच्या आधी शेजारच्या पेन्शनरच्या घमेल्यात ओतायचा.

पेन्शनर म्हणजे एक म्हातारं पिवळसर तट्टू. शर्यतीच्या घोड्यांना मैदानापर्यंत सोबत करायची, एवढीच त्याची नोकरी. सगळ्या तबेल्याची खोटी खूण त्याच्या पोटात जात होती, आणि तो असा काही सुटला होता की पट्टा कमरेला पुरेना. तबेल्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासून 'ग्रंथीचा विकार' असं निदान केलं होतं. औषधही चालू होतं. मोतद्दार मूग गिळून बसले होते.

मोठ्या चषकाच्या शर्यतीला पाच दिवस उरले आणि लाडोबानं अर्धा दाणा टाकला. मामानं विचारही केला नाही. इतक्या वर्षांचा हात, तो आपोआपच शेजारी वळला. साहेबांनी खूण केली आणि पुढं गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा उरला, पुन्हा पेन्शनरची चैन झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे मामानं रोजच्यासारखे चारही पाय गुडघ्याखाली मुठीत धरून पाहिले. तीन पाय गार होते. पुढचा डावा, मागच्या नसेवर, चहाच्या कपाइतका गरम. दाबल्यावर लाडोबानं कान मागं टाकले.

नस दुखावलेला घोडा चालतो, दुडक्या चालीनं पळतोही. पण शेवटच्या वळणावर, अंगातलं सगळं बळ त्या एका पायावर आलं की नस तुटते, मग हाड जातं, आणि त्यानंतर घोड्याला संपवताना लोकांना दिसू नये म्हणून मैदानावर हिरवा पडदा धरतात. मामानं तो पडदा एकदा आतून पाहिला होता. आठ वर्षांपूर्वी, एक तांबूस घोडी. तिचंही घमेलं वहीत रिकामं होतं. त्या दिवशी तो तिच्या तोंडावरची नुसती मोहरकी हातात घेऊन तबेल्यात परत आला होता, आणि दोन दिवस मामीशी बोलला नव्हता.

सात वाजता तो साहेबांना आडवा गेला. "साहेब, डावा पाय तापलाय."

"घमेलं?"

"रिकामंय."

"मग?" साहेबांनी वही उघडून दाखवली. "तीन दिवस रिकामं. दुखणाऱ्या घोड्याला जेवण जातं का रे?"

इथं घोडं पेंड खात होतं. मामानं मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा धंद्यातलं गुपित फोडलं. "ते मी रिकामं केलं, साहेब. पेन्शनरला घातलं. आम्ही सगळेच घालतो."

वीस वर्षांच्या वह्या साहेबांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. पण माणूस मोठा धीराचा. वही मिटून ते म्हणाले, "हे तू बोलला नाहीस, आणि मी ऐकलं नाही. मालकांचे साठ पाहुणे येतायत. टोप्या छापून झाल्यात त्यांच्या, विश्वविजेता म्हणून."

तरी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पायावर यंत्र फिरवलं, यंत्रानं काहीतरी दाखवलं, मग डॉक्टरांनी साहेबांचा चेहरा पाहिला आणि यंत्र पुसून ठेवलं. "गरम आहे म्हणजे रक्त खेळतंय," ते म्हणाले. "चांगलंच आहे." बर्फाच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या. घोडा पळायला योग्य असल्याचा दाखला त्यांनी आधीच टाइप करून आणला होता. मन वाचणाऱ्या बाईंनी दुपारी डोळे मिटले आणि लाडोबा विजयासाठी आसुसलाय असं कळवलं.

आता अडसर उरला तो एकच. शर्यतीच्या सकाळी मैदानाचा डॉक्टर प्रत्येक घोडा चालवून, दुडकवून बघतो. त्याला ना मालकांची भीड होती, ना टोप्यांची. पण साहेबांना काळजी नव्हती, कारण त्यांच्याकडं मामा होता.

मामाचं नाव होतं ते याच कामात. लंगडणारा घोडा दुखऱ्या पायावर भार आला की मान उडवतो, आणि त्या मानेवरून डॉक्टर ओळखतो. मामा दोर हनुवटीखाली असा आखूड धरायचा, खांदा घोड्याच्या खांद्याला असा लावायचा, की मान उडायलाच जागा नसे. बघणाऱ्याला वाटे, काय प्रेमानं चालवतोय! शेजारपाजारचे तबेलेसुद्धा असल्या दिवशी मामाला मागून नेत. त्याला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोला. त्या तांबूस घोडीलाही त्यानंच असं चालवलं होतं.

"तूच धर," साहेब म्हणाले. "तुझ्या हातात लाकडी घोडासुद्धा नीट चालेल. आणि हे बघ, त्या खोलीत राहायचंय ना तुम्हाला दोघांना?"

संध्याकाळी मामानं मामीला सगळं सांगितलं. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती, घरीसुद्धा हात तसाच चालायचा.

"पळवला तर काय होईल?" तिनं विचारलं.

"कदाचित जिंकेल. बहुतेक मोडेल."

"आणि तुम्ही सांगितलंत तर?"

"सांगून झालं. ऐकतंय कोण? आता फक्त धरायचं काम उरलंय."

मामीनं चादरीचं टोक दातांत धरलं, घडी पुरी केली आणि मग म्हणाली, "इतकी वर्षं ती सवत सवत करून बोंबलले. पण तिचा पाय मोडावा असं कधी म्हटलं नाही हो मी."

शर्यतीची सकाळ. घोडामैदान जवळ म्हणजे अक्षरशः समोर. मालक दहा पावलांवर उभे, त्यांच्यामागं साठ टोप्या. जिंकल्यावरचं भाषण खिशात. जॉकी बिचारा आठवडाभर काकडीवर जगून हडकलेला, त्याला कुणी पायाबद्दल सांगितलंच नव्हतं. मामानं त्याच्याकडं एकदा पाहून घेतलं. घोडा पडला की वरचा माणूसही पडतो, हे टोप्यांवर छापलेलं नसतं.

"चालवा," मैदानाचा डॉक्टर म्हणाला.

मामानं चालवला. चालीत काही दिसलं नाही. पट्ट्यांनी पाय गार पडला होता. साहेब मालकांच्या कानाशी लागून हसत होते.

"आता दुडकवा."

मामानं पाऊल उचललं. हात सवयीनं हनुवटीखाली गेला, दोर आखूड झाला. लाडोबानं त्याच्या खांद्यावर नाक घासलं. जनावराला काय माहीत, हा धरतोय कशासाठी! त्याच क्षणी मामानं मूठ सैल केली. दोर वीतभर, हातभर लांब झाला. लाडोबाची मान मोकळी झाली, आणि दुसऱ्याच पावलाला ती टणकन वर उडाली. चौथ्याला पुन्हा. सहाव्याला पुन्हा.

"परत आणा," डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या खेपेला मामानं दोराचं नुसतं टोक धरलं. आता तर टोप्यांनाही दिसलं. एका पाहुण्यानं मोठ्यानं विचारलं, "तो नमस्कार करतोय का?" डॉक्टरनं विश्वविजेत्याच्या नावावर रेघ मारली.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोर सैल का सोडलास, असं भर गर्दीत विचारावं तर मग आखूड का धरायचा होता, हेही सांगावं लागणार. पण म्हटलं ना, माणूस धीराचा. बातमीदार पुढं येईपर्यंत त्यांनी लाडोबाच्या मानेवर हात ठेवला होता. "मला पहाटेच शंका आली होती," ते म्हणाले. "चषक पुन्हा येतील. माझ्यासाठी घोडा आधी." मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खिशातल्या भाषणात 'विजय' होता तिथं 'त्याग' घालून त्यांनी ते तिथल्या तिथं वाचून दाखवलं, आणि साठ टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात साहेबांचा आणि घोड्याचा फोटो आला. दोर धरलेला एक हात मनगटापर्यंत त्यात होता, बाकीचा माणूस कापलेला होता.

मोठ्या इस्पितळात लाडोबाचा पाय तपासला. नस अर्ध्याहून जास्त फाटली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, पळाला असता तर वळणावरच आडवा झाला असता. आता सहा महिने विश्रांती घेतली की कुरणात सुखानं चरेल. शर्यत मात्र संपली. मालकांनी दोन दिवस दुःख केलं आणि नवा घोडा बघायला गेले. त्याचं नाव आधीच ठरलं होतं.

आठवड्यानं मामाला कचेरीत बोलावून एक कागद दिला आणि महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला काढायचं तर कारण लिहावं लागतं, आणि खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. साहेबांनी त्यावर दोन दिवस डोकं चालवलं होतं म्हणे.

मामानं कागद आणून मामीच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "नोकरी सत्तावीस वर्षं. वर्तणूक चांगली. वेळेवर हजर." मग ती थांबली. "घोडा धरता येत नाही, या कारणास्तव कामावरून कमी." तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. तिचा आवाज चढला. "तुम्हाला? तुम्हाला घोडा धरता येत नाही? हा मेला कागद घेऊन तुम्हाला दुसरा कोण दारात उभा करील? जा आणि म्हणावं, बदला हे. खोटं लिहिलंय."

मामा खाटेवर बसून बूट काढत होता. एक काढला, दुसऱ्याची नाडी सोडवता सोडवता थांबला.

"राहू दे," तो म्हणाला. "खरंच लिहिलंय. त्या दिवशी नाहीच धरला."